कबुलीचा मजकूर

वाङ्मय म्हणून वाचावेत असे सरकारी मजकूर आपल्याकडे फार थोडे. संविधानाचा सरनामा शाळेत पाठ केलेला असतो, म्हणून तो कानाला ओळखीचा लागतो. बाकीचे कायदे आपण वकिलांवर सोपवून मोकळे झालो. त्यांतला एक मात्र मी अधूनमधून काढून वाचतो, तोही कलमांसाठी नाही, कलमांच्या आधी येणाऱ्या अर्ध्या पानासाठी. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. लोक म्हणतात वनहक्क कायदा. २९ डिसेंबर २००६ रोजी त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली, ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले.

आपण ज्या जमिनीवर जमलो आहोत ती आधी कोणाची, हे कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळ्यांसमक्ष बोलून दाखवायची रीत ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात आता अंगवळणी पडली आहे. तिकडे शिकणाऱ्या मराठी मुलांना ती वाक्ये तोंडपाठ असतात. सुट्टीत आलेला भाचा ती आजीला म्हणून दाखवतो आणि आजी विचारते, हे आपल्याकडं कोण म्हणतं? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते उत्तर त्या अर्ध्या पानात आहे. मजकूर रुक्ष आहे, एकाच दमात लिहिलेला आहे, एक-दोन ठिकाणी कच खाणाराही आहे. तरीही तो कसाचा आहे, आणि कसा आहे ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

त्याआधी आमच्याकडची दोन भूमिस्मरणे पाहू. आमची उमरी नांदेड जिल्ह्यात, मुदखेडहून धर्माबाद-बासरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. इथे सत्यनारायणाला बसले, की गुरुजी पळीभर पाणी हातावर घालून संकल्प सांगतात. संकल्प ही विलक्षण रचना आहे, आणि रोज कानावर पडत असल्यामुळे तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ती सुरू होते ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून. मग कल्प, मन्वंतर, युग, त्याचा चरण. मग जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरी. पुण्याचा गुरुजी तिथे दक्षिण तीर म्हणतो, आमचा उत्तर म्हणतो, कारण नदी आमच्या दक्षिणेला आहे. मग शक, संवत्सर, ऋतू, मास, तिथी, आणि सगळ्यांत शेवटी यजमानाचे गोत्र व नाव. अफाट विश्वापासून निघून एका पाटावर बसलेल्या एका माणसापर्यंत येणारी ही उतरण कोणत्याही कवीला हेवा वाटावा अशी आहे. बोलणारा माणूस स्वतःला शेवटी ठेवतो, हे तिचे सौंदर्य.

पण दंडकारण्य म्हटले आणि पुढे गेले. अरण्य कोणाचे, तिथे कोण राहत होते, याला संकल्पात जागा नाही. दंडकारण्यातून गुरुजी थेट नदीच्या काठावर उतरतो. मधली जागा रिकामी.

दुसरे स्मरण येळवशीचे, म्हणजे वेळ अमावस्येचे. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावे ओस पडतात. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातही सण थाटात होतो. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा आणि आंबील शिवारभर शिंपत फिरायचे. सगळे शेत हिरवेगार असते, हरभरा घाट्यांवर आलेला असतो, आणि वर्षभर कधी न दिसणारा शहरातला भाऊसुद्धा त्या दिवशी बांधावर मांडी घालून जेवतो. मला हा सण फार आवडतो. तरी एवढे म्हणावेच लागते, की ज्याच्या नावाने सातबारा आहे तो आपल्याच जमिनीचे आभार मानतो, त्यात त्याला काही गमवायचे नसते. जमीन कधी म्हणत नाही, की मला परत कर. माणसे म्हणू शकतात. म्हणून भूमिवंदन आपल्याकडे उदंड आहे आणि भूमीवरच्या आधीच्या माणसांना वंदन दुर्मिळ.

ऑस्ट्रेलियातल्या मजकुराची गंमत अशी, की तिथे नेमकी माणसेच आधी येतात. आपण अमुक लोकांच्या जमिनीवर जमलो आहोत, असे जमातीचे नाव घेऊन सांगायचे, आणि त्यांच्या पूर्वीच्या व आजच्या वडीलधाऱ्यांना आदर द्यायचा. वाक्ये दोनच. त्यातही दोन प्रकार, आणि त्यांची गल्लत करणे म्हणजे तिकडे शिष्टाचाराची चूक. पाहुण्याने करायचे ते स्मरण, ते कोणीही करू शकतो. यजमानाने करायचे ते स्वागत, आणि तो अधिकार फक्त त्या जमिनीच्या मूळ लोकांचा. आजचा स्वागताचा प्रकार १९७६ साली पर्थ शहरात सुरू झाला असे मानतात. न्यूझीलंड आणि कुक बेटांवरून आलेल्या कलावंतांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे कोणीतरी स्वागत केल्याशिवाय परक्या भूमीवर कार्यक्रम करणे जड वाटत होते. रिचर्ड वॅली आणि अर्नी डिंगो या दोन आदिवासी कलावंतांनी ते केले. म्हणजे रीत सुरू झाली ती पाहुण्यांच्या संकोचातून, यजमानांच्या मागणीतून नाही. पुढे १२ फेब्रुवारी २००८ रोजी तिथल्या संसदेचे अधिवेशन पहिल्यांदा अशा स्वागताने उघडले आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान केविन रड यांनी घरांपासून तोडलेल्या आदिवासी मुलांच्या पिढ्यांची माफी मागितली. त्याच्या सोळा वर्षे आधी, १९९२ साली, माबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ही जमीन कोणाचीच नव्हती’ हा जुना समज मोडीत काढलेला होता. दोन वाक्यांना वजन आले ते या निकालामुळे. आज तिकडेच अनेकांची तक्रार आहे, की वाक्ये म्हणायची सवय झाली आणि अर्थ उडून गेला. आपल्या संकल्पाचे जे झाले तेच.

आता आपला मजकूर. कायद्याचे शीर्षक संपले, की त्याचा हेतू सांगणारे लांबलचक वाक्य येते. मूळ इंग्रजीत आहे. मी आशय मराठीत मांडतो. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्या, पण ज्यांचे हक्क नोंदता आले नाहीत, अशा लोकांच्या वनहक्कांना मान्यता देण्यासाठी हा कायदा. इथे पहिले थांबणे. सरकार हक्क ‘देते’ असे कुठेच म्हटलेले नाही. मान्यता द्यायची म्हणजे वस्तू आधीपासून तिथे आहे, आपण ती आत्ता पाहिली. ज्या तहसील कचेरीत प्रत्येक कागद ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ होतो, तिथे बसून हे वाक्य वाचले की त्याची किंमत कळते.

आणि लगेच दुसरी गोष्ट: हक्क ‘नोंदता आले नाहीत’. कोणाला? वाक्यात कर्ता नाही. आमच्याकडे तलाठ्याला विचारा, फेरफार का झाला नाही, तर तो म्हणेल, नोंद राहून गेली. राहून गेली म्हणजे कोणी केली नाही, आणि न करणाऱ्याचे नाव विचारायचे नाही. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी नेमका हाच सरकारी सुस्कारा टाकला आहे. पहिल्याच वाक्यात कबुली देताना जीभ अडखळली.

पुढे तीन ‘ज्याअर्थी’ येतात. पहिला वनाच्या रक्षणाबद्दल. या लोकांच्या हक्कांतच वनाचा जपून वापर करण्याची आणि जैवविविधता राखण्याची जबाबदारी व अधिकार येतात, असे तो म्हणतो. २००५-०६ मध्ये या विधेयकावरून जे रण माजले होते त्याची ही खूण. वाघाच्या बाजूने बोलणारे म्हणत होते, जंगल वाटले तर जंगल संपेल. मसुदाकारांनी त्यांना उत्तर द्यायचे म्हणून हा परिच्छेद आधी ठेवला. व्यवहार म्हणून ठीक. पण ज्याचे देणे आहे त्याला देण्याआधी ‘नीट वापरशील ना’ असे विचारण्यासारखे ते वाटते. सरनाम्याचा हा सर्वांत दुबळा भाग, आणि मी तो भरभर वाचतो.

दुसरा ‘ज्याअर्थी’ हा सगळ्या मजकुराचा गाभा. वडिलोपार्जित जमिनींवरचे आणि अधिवासावरचे वनहक्क, सरकारी वने एकवटताना, वसाहतीच्या काळात आणि तसेच स्वतंत्र भारतातही, पुरेसे मान्य केले गेले नाहीत. त्यामुळे या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. आणि हे लोक तर वनाच्या टिकण्याचेच अविभाज्य अंग आहेत.

‘तसेच स्वतंत्र भारतातही’. एवढे तीन शब्द नसते तर हा मजकूर मी तुमच्यासमोर ठेवला नसता. आपल्या सगळ्या सरकारी भाषेला एक सोयीचा खलनायक मिळालेला आहे, तो म्हणजे इंग्रज. १८७८ चा वन कायदा त्यांचा, १९२७ चा त्यांचा, दोष त्यांचा. वाक्य ‘वसाहतीच्या काळात’ पाशी थांबले असते तर संसदेतल्या प्रत्येकाने टाळ्या वाजवल्या असत्या. ते थांबत नाही. आणखी एक पाऊल टाकते आणि बोट स्वतःकडे वळवते. ज्या संसदेने १९५२ चे वनधोरण पाहिले, १९८० चा वनसंवर्धन कायदा केला, तीच संसद २००६ मध्ये आपल्याच सहीच्या कागदावर लिहिते, की अन्याय आम्हीही चालू ठेवला. सरनाम्याच्या शेवटी रिवाजाप्रमाणे प्रजासत्ताकाचे वर्ष येते: सत्तावन्नावे. इतर कायद्यांत तो नुसता शिक्का असतो. इथे ते वर्ष स्वतःच साक्ष देते, की ‘स्वतंत्र भारतातही’ म्हणजे किती काळ.

‘पुरेसे’ हा शब्द मात्र खटकतो. पुरेसे मान्य केले गेले नाहीत म्हणजे थोडे केले होते काय? कुठे? वकिलाने घातलेला शब्द असावा.

आणि आमच्या भागाला आणखी एक गोष्ट खटकते. उमरीहून भोकर, तिथून हिमायतनगर ओलांडून किनवटकडे निघालो की काळी रानं मागे पडतात, डोंगर सुरू होतात, साग दिसू लागतो, इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा लागतो. किनवट-माहूरच्या त्या पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध, परधान राहतात. तिथे इंग्रजांचे थेट राज्य कधी नव्हतेच. तो मुलूख निजामाचा. १९५६ च्या पुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडला आला आणि आमचा मुधोळ तिकडे गेला. निजामाच्या अमलात राखीव जंगलांच्या रेषा आखल्या गेल्या, तेव्हा गोंड आणि कोलाम आपल्याच वावरांत अतिक्रमणवाले ठरले. त्या जुलमाविरुद्ध उभा राहिलेला कोमरम भीम १९४० मध्ये त्याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला. आमच्या उमरीची अभिमानाची गोष्ट म्हणजे १९४८ चा बँकेवरचा छापा, मुक्तिसंग्रामासाठी पैसा उभारायला स्वातंत्र्यसैनिकांनी घातलेला. दर सतरा सप्टेंबरला ती सांगितली जाते, आणि सांगावीच. पण निजामाशी आधी कोण लढले, या हिशेबात भीमाचे नाव उमरीच्या व्यासपीठावर फारसे येत नाही. सरनाम्यातला ‘वसाहतीचा काळ’ निजामालाही झाकून टाकतो. संस्थानी प्रजेवरचा अन्याय त्या शब्दात ओढूनताणून बसवावा लागतो.

दुसऱ्या ‘ज्याअर्थी’चा शेवट वाक्याला उलटे वळण देतो, आणि मला तो साहित्याच्या दृष्टीने सर्वांत देखणा वाटतो. अन्याय झालेल्या माणसाला आपण सहसा बिचारा करून टाकतो. इथे अन्यायाच्या पाठोपाठ, त्याच वाक्यात, श्वास न सोडता सांगितले आहे, की वन टिकते ते या माणसांमुळे. दया दाखवायला जागाच उरत नाही.

तिसरा ‘ज्याअर्थी’ विस्थापितांचा. राज्याच्या विकासकामांमुळे ज्यांना सक्तीने आपली घरे हलवावी लागली, त्यांच्यासह या सगळ्या लोकांच्या हक्कांची असुरक्षितता दूर करणे आवश्यक झाले आहे. पुन्हा कर्ता गायब. माणसांना ‘कामांनी’ हलवले. तरीही सरकारी कागदावर ‘विकास’ आणि ‘सक्ती’ एकाच ओळीत शेजारी बसलेले मी इतरत्र क्वचितच पाहिले आहेत.

या सरनाम्याशेजारी ठेवावा असा आणखी एक मजकूर महाराष्ट्रातूनच आलेला आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात एका भिल्ल तरुणीला विवस्त्र करून गावातून फिरवल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०११ रोजी निकाल दिला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांचे पीठ. अपील होते आरोपींच्या शिक्षेचे, पण निकाल थेट देशाच्या जन्मकथेत शिरला. आदिवासी हेच इथले मूळ रहिवासी, बाकीचे बहुतेक बाहेरून आलेल्यांचे वंशज, आणि आदिवासींशी देश जसा वागला ते लाजिरवाणे पान आहे, असे तो म्हणाला. एकलव्याच्या अंगठ्याबद्दल द्रोणाचार्यांनाही दोष दिला. वाचताना अंगावर काटा येतो. पण रसिक म्हणून वाचले, तर भाषण फार मोठे आणि पुरावा तेवढा पक्का नाही. मूळ कोण आणि उपरा कोण यावर इतिहासकार अजून भांडत आहेत, ते एका फौजदारी अपिलात मिटणारे नव्हते. भारत सरकारची भूमिका तर अशी, की सगळेच भारतीय इथले मूळनिवासी. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याला पाठिंबा देतानाही हीच भूमिका कायम राहिली. वनहक्क कायद्याचा सरनामा या वादात पडतच नाही. तो हजारो वर्षे मागे जात नाही. एवढेच म्हणतो, की तुम्ही इथे होता, आम्ही रेषा आखल्या आणि तुम्हाला मोजले नाही. लहान दावा, पण न हलणारा.

कागदाच्या बाहेरची एक कबुली आमच्याच डोंगरांत आहे, आणि ती मला या दोन्हींपेक्षा सुंदर वाटते. गोंडांनी राज्ये केली. माहूरच्या किल्ल्यावरही कधीकाळी गोंड राजे होते असे सांगतात. कोलामांचे राज्य कधी नव्हते. डोंगराच्या कुशीत पोड, म्हणजे वस्ती, टाकून राहणारी, लहान, गरीब जमात. आजही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामांचे नाव आहे. भाषाही गोंडीहून वेगळी. ऑस्ट्रियातून आलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांत राहिले, तेव्हा त्यांनी नोंदवले, की स्थानिक देवतांच्या कित्येक पूजा गोंड स्वतः करत नाहीत. त्यासाठी ते कोलामाला बोलावतात, आणि कोलामांना म्हणतातच ‘पुजारी’. कारण या मातीशी आणि तिच्या देवांशी कोलामाचे नाते जुने.

हे नीट पाहू. बलवान माणूस दुबळ्या माणसाला सांगतो, की या जागेच्या देवाशी तूच बोल, माझे तो ऐकणार नाही. इथे कोणी माइकसमोर उभे राहून वाक्य म्हणत नाही. पण कोलाम आल्याशिवाय देवाचे काम अडते, त्याला बोलवावे लागते, त्याचा शिधा द्यावा लागतो. कबुली अशी रचलेली आहे, की ती दिल्याशिवाय पेरणीपाण्याचे वर्ष पुढे सरकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन वाक्यांत आणि यात हाच फरक. ते वाक्य न म्हटले तरी सभा चालू होते.

भाबडेपणाने याचे फार कौतुक करायलाही मी तयार नाही. मान देऊन माणसाला जागच्या जागी डांबता येते, हे मराठी गावगाड्याइतके कोणाला ठाऊक? शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानायचे. गावाच्या सीमा त्यालाच ठाऊक, कारण तो मातीचा जुना राखणदार. आमच्या शेजारच्या बेदरच्या बादशहाने अमृतनाकाच्या पराक्रमाबद्दल महारांना बावन्न हक्क दिले अशी आख्यायिका आहे. त्या बावन्नांत काय काय होते ते पाहिले की मान कसा असतो ते कळते: मेलेल्या जनावराचे कातडे, मसणातले कापड. शिवेवरचा शब्द त्याचा आणि शिवेच्या आत राहायची जागा मात्र वेशीबाहेर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या जोखडाविरुद्ध विधेयक मांडले ते याचसाठी. हक्कांची यादी असणे पुरेसे नाही, यादीत काय आहे हे पाहावे लागते.

म्हणून सरनाम्यानंतर मी थेट नियमांकडे जातो. कायद्याचे नियम कोणी आनंदासाठी वाचत नाही, आणि तेराव्या नियमापर्यंत पोचण्याआधी बहुतेकांचा धीर सुटतो. तेरावा नियम पुराव्यांचा. हक्क सिद्ध करायला काय चालेल? सरकारी दस्तऐवज, गॅझेटियर, जनगणना, नकाशे हे असणारच. पण त्यांच्याच रांगेत, त्याच मानाने, येतात घरे, झोपड्या, शेताचे सपाटीकरण, बांध. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेले व लिहून घेतलेले निवेदन. सामूहिक हक्कांसाठी यादी आणखी लांबते: गुरे चारायची पारंपरिक राने, कंदमुळे आणि चारा गोळा करायच्या जागा, मासे धरायचे डोह, माणसाजनावरांचे पाणवठे, औषधी वनस्पतींचे पट्टे, स्थानिक लोकांनी बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, देवाची झाडे, देवराया, तळी, नदीचे भाग, स्मशान.

एका मंत्रालयातल्या कोणा अधिकाऱ्याने ही यादी केली असेल. त्याला आपण काय लिहितो आहोत याची कल्पना होती की नाही, कोण जाणे. मला ती संकल्पाची उणीव भरून काढणारी वाटते. संकल्प दंडकारण्यातून नदीवर उतरताना मधले जे जे गाळतो, ते सगळे इथे एकेक करून आले आहे. किनवटच्या एखाद्या पोडावर वनहक्क समितीची माणसे म्हाताऱ्याला घेऊन जंगलात चालतात, तो काठीने दाखवतो, हा मोह आमच्या आज्याच्या वेळचा, इथं आमची माणसं पुरलीत, या डोहात उन्हाळ्यातबी पाणी ऱ्हातं, आणि कोणीतरी ते लिहून घेते. ज्या राज्याने याच माणसाला आजवर कागद मागितला, ते त्याच्या बोलण्याला कागद मानायला तयार झाले. कायद्याच्या भाषेत एवढी नम्रता मी दुसरीकडे वाचलेली नाही.

प्रत्यक्षात काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. म्हाताऱ्याचे निवेदन बाजूला ठेवून दंडाच्या पावत्या मागितल्या जातात. आदिवासी नसलेल्या पण पिढ्यांपासून वनात राहणाऱ्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वस्ती दाखवावी लागते. ज्यांच्या नोंदी केल्या नाहीत म्हणून सरनाम्याने खंत व्यक्त केली, त्यांनाच नोंदी विचारायच्या. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना वनातून हटवण्याचा आदेश दिला आणि दोन आठवड्यांनी, २८ तारखेला, स्वतःच त्याला स्थगिती दिली. आमच्या उमरी-धर्माबादकडे तर आणखी वेगळा गुंता. अनुसूचित जमातींच्या यादीत कोलाम आणि मन्नेरवारलू ही नावे एकाच नोंदीत आहेत, आणि मन्नेरवारलूच्या दाखल्यांवरून वर्षानुवर्षे पडताळणी समित्या आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत. डोंगरातला कोलाम आणि बाजारपेठेतला दाखला यांच्यामध्ये नेमके काय अंतर आहे, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असते आणि चारचौघांत कोणी बोलत नाही.

तरीही जिथे मजकूर शेवटपर्यंत नेला गेला तिथे त्याने काम केले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आला. मधली दोन वर्षे हक्क होता आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे होते. कबुली आणि किल्ली यांच्यात एवढे अंतर पडते.

२०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्यासाठी ‘ग’ नमुन्याचा नवा अर्ज आला. या सगळ्या संहितेचे शेवटचे पान मी त्याला मानतो. सरनाम्यात कर्ते हरवले होते: हक्क नोंदता आले नाहीत, मान्य केले गेले नाहीत, घरे हलवावी लागली. या अर्जात एक ठसठशीत कर्ता आहे. आम्ही, खाली सही करणारे या ग्रामसभेचे रहिवासी, ठराव करतो, की सोबतच्या नकाशात दाखवलेले क्षेत्र आमचे सामूहिक वनसंसाधन आहे. विनंती नाही, उपकाराची भाषा नाही. पर्थच्या त्या हिशेबात सांगायचे तर सरनामा हे पाहुण्याचे स्मरण, आणि हा नमुना यजमानाचा शब्द. पाहुणा अडखळत, शब्द तोलत बोलला. यजमान दोन ओळींत बोलून मोकळा झाला. त्याच अर्जात जिल्हा, तालुका, गाव, वनाचा कक्ष क्रमांक आणि पुराव्यांची यादी यांच्या रांगेतच शिवेला लागून असलेल्या गावांची नावे लिहायला जागा सोडलेली आहे, म्हणजे आपले वन कुठे संपते आणि शेजाऱ्याचे कुठे सुरू होते, हेही त्यांनाच लिहायचे आहे.